दहाची रेघ

आर्किटेक्टच्या ऑफिसात तिला शंकासुर म्हणत. नाव सरांनी ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की तिच्या आईनंही एकदा फोनवर तेच वापरलं. कुलूप लागलं का म्हणून जिन्यातून दोनदा परत येणारी आणि लेकीच्या कपाळाला हात लावून बघितल्याशिवाय चहाचा कप तोंडाला न लावणारी ही बाई नकाशांच्या बाबतीतही तशीच होती. शेजारचा प्लॉट म्हणजे बाकीचे नुसता चौकोन काढून मोकळे होत. ही कुंपणाची भिंत मोजायची, तिची उंची लिहून घ्यायची, भिंतीलगतची पाण्याची टाकी आणि टाकीचे चार लोखंडी पायसुद्धा संगणकातल्या मॉडेलमध्ये उभे करायची.

"टाकीत पाणी किती आहे तेही भर," सर म्हणाले होते.

ती हसली, पण टाकी तिनं पुसली नाही. कारण या खेपेला शेजारी होतं ते पाळणाघर, आणि त्या पाळणाघरात तिची स्वतःची अडीच वर्षांची चिमणी होती.

काम एका दवाखान्याचं होतं. पाच मजले. डॉक्टरांना इमारत प्लॉटच्या मागच्या अंगाला हवी होती. पुढं रस्त्याच्या बाजूला गाड्या, चार झाडं, म्हणजे येणाऱ्याला ऐसपैस वाटावं. पाळणाघर डाव्या हाताला. तेही दोन भागांत: रस्त्याकडे बुटकं, एक मजली घर, आणि घराच्या मागं अंगण. म्हणजे दवाखाना उभा राहणार तो नेमका अंगणाच्या शेजारी. शेजाऱ्यांच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांनी धुळीचं विचारलं, आवाजाचं विचारलं, गाड्यांचं विचारलं. पाळणाघराच्या मावशी शेवटपर्यंत गप्प होत्या. उठता उठता त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"थंडीत सकाळचं ऊन राहील ना हो अंगणात?"

तोंडी उत्तर देणं सरांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी सावल्याच काढून दाखवतो तुम्हाला."

सावल्या काढायचं काम अर्थातच शंकासुराकडे आलं.

प्लॅन म्हणजे घारीनं वरून पाहावी तशी पाहिलेली जागा. वरून सगळंच चपटं. पाच मजली दवाखाना आणि एक मजली पाळणाघर, दोघंही सारखेच चौकोन. कोण उंच नि कोण बुटकं हे सांगायला सावलीच लागते. सॉफ्टवेअरला गाव सांगायचं, तारीख सांगायची, वेळ सांगायची आणि सावल्या चालू करायच्या, की कागदावर झोपलेल्या इमारती उठून उभ्या राहतात. तिनं वर्षातला सगळ्यात लहान दिवस निवडला. तो यायला अजून नऊ दिवस होते. नऊ, दहा, अकरा, बारा, अशी चार चित्रं. सावली आधी काळीकुट्ट आली, तिच्याखालचं काही दिसेना. तिनं ती पातळ करत करत निळसर राखाडी केली, म्हणजे घसरगुंडी, वाळूचा चौकोन, फरशीचे सांधे सगळं सावलीतूनही दिसावं. हे करताना ती घड्याळ विसरली. तिला या कामातली हीच गोष्ट आवडायची: काळजी करणाऱ्या माणसाला मोजण्यासारखं काहीतरी मिळतं.

आणि उत्तरही चांगलं आलं. दवाखान्याची सावली पुढच्या गाड्यांवर पडत होती, थोडी पाळणाघराच्या छपरावर. अंगणाचा एक कोपरा तेवढा तिनं कुरतडला होता.

"सुंदर," सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले. "मला वाटलं होतं, मावशींना तोंड कसं दाखवायचं."

बुधवारी संध्याकाळी तिनं एक प्रिंट गुंडाळून घरी नेली. नवऱ्यानं ती जेवणाच्या टेबलावर पसरून बराच वेळ पाहिली.

"हे काय आहे?"

"सावली."

"असं होय. मला वाटलं, तू कागदावर चहा सांडलास."

चिमणीनं मात्र वाळूचा चौकोन बरोबर ओळखला, आणि त्यावर बिस्किटाचा चुरा ठेवला.

गुरुवारी चिमणीला लस टोचायची होती. त्यामुळे एरवी साडेआठला पाळणाघराच्या दारात असणारी आई त्या दिवशी दहाला पोचली. उशीर झालाच होता. त्यात चिमणी ओढणी सोडेना. म्हणून ती मागच्या दारानं अंगणात गेली, लेकीला जरा रमवून निघावं म्हणून.

अंगणात ऊन भरून होतं. फरशीवर सहा छोट्या गाद्या ओळीनं घातल्या होत्या, आणि त्यांवर सहा तान्ही मुलं, कुणी पालथं, कुणी उताणं, कुणी स्वतःच्या पायाचा अंगठा गाठायच्या खटपटीत. मावशी कमरेला हात लावून टाकीच्या सावलीकडे बघत उभ्या होत्या. बघता बघता त्यांनी पहिली गादी दोन्ही हातांनी धरली आणि बाळासकट हातभर सरकवली. मग दुसरी. बाळांना कळलंही नाही.

"काय करताय मावशी?"

"दहा वाजले. सावली रेघेवर आली."

तिनं पाहिलं. फरशीवर खडूच्या रेघा होत्या. थंडी लागल्यापासून संध्याकाळी लेकीला न्यायला आली की ती त्यांच्यावरून चालत होती आणि त्यांना मुलांचा ठिकरीचा डाव समजत होती. प्रत्येक रेघेपाशी आकडा होता: नऊ, दहा, अकरा. दहाची रेघ वाळूच्या चौकोनाच्या कडेनं जात होती, आणि टाकीची सावली तिला येऊन अशी टेकली होती, जशी फूटपट्टी लावून ठेवावी.

"थंडी लागली की काढते," मावशी म्हणाल्या. "सतरा वर्षं झाली. सावलीत गेलं की बाळ कुरकुरतं, उन्हात फार राहिलं तर तापतं. सारखं मान वर करून कोण बघणार? रेघ सांगते कधी सरकायचं. पंधरा दिवसांनी रेघ हलते, मग पुसून नवी काढायची."

"घड्याळ लावून?"

"पहिल्यांदा घड्याळ लावून. आता घड्याळ बंद पडलं तर मी रेघेवरून लावते."

ती कौतुकानं हसली. तेवढ्यात तिच्या मनात काहीतरी टोचलं, आणि ती हसायची थांबली. दहा वाजता टाकीची सावली. तिनं काढली होती ती. प्रिंटवर ती वाळूकडे जातच नव्हती. ती मागच्या दाराच्या पायरीवर पडली होती. तिनं वळून पायरीकडे पाहिलं. पायरीवर लख्ख ऊन होतं, आणि त्या उन्हात दोन मुलं बसून एकमेकांचे मोजे ओढत होती.

प्रिंट पिशवीतच होती. तिनं ती फरशीवर पसरली, भिंतीसमोर भिंत, पायरीसमोर पायरी येईल अशी. मावशी गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या.

"ही काय, टाकी?"

"हो."

"आणि ही तिची सावली?" मावशींनी कागदावर बोट ठेवलं, मग अंगणात पाहिलं, परत कागदावर. "कागद उलटा नाही ना धरला?"

"नाही. ही बघा भिंत."

"मग अहो चिमणीची आई, तुमच्या कागदातला सूर्य वाट चुकलाय. तुमची दहाची सावली आमच्याकडे जेवणाच्या वेळेला येते."

त्यांनी हे चेष्टेनं म्हटलं आणि त्या तिसऱ्या गादीकडे वळल्या. पण ती तिथंच उकिडवी बसून राहिली. चिमणी तिच्या पाठीवर चढली, उतरली, कंटाळून वाळूत गेली. आईला पत्ता नव्हता.

ऑफिसात पोचल्यावर चूक शोधायला तिला चार मिनिटं लागली. प्लॉट तिरका होता. तिरका प्लॉट कागदावर सरळ फिरवून घेतात, म्हणजे भिंती आडव्या-उभ्या येतात आणि काम करणाऱ्याची मान मोडत नाही. सगळेच तसं करतात. फक्त मग सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की बाबा रे, कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर नव्हे; खरी उत्तर इतके अंश डावीकडे. ते कुणी सांगितलंच नव्हतं. अंशांच्या चौकटीत शून्य होतं. फाईल कुणी सुरू केली तेही तिथं लिहिलेलं होतं, आणि तारीखही. तारीख तिला पाठ होती. बाळंतपणानंतर दोन वर्षांनी ती कामावर परत आली त्याचा दुसरा आठवडा. दुपारी पाळणाघरातून फोन आला होता, चिमणीचं अंग गरम लागतंय. ती फाईल अर्धवट ठेवून पळाली होती.

तिनं शून्य पुसून पस्तीस लिहिलं.

झोपलेल्या माणसावर कुणी पांघरूण ओढावं तशी सावली सरकली. गाड्यांवरून उतरली, छपरावरून उतरली आणि अख्ख्या अंगणावर पसरली. नऊला घसरगुंडी गेली, वाळू गेली, गाद्यांची जागा गेली. दहालाही तसंच. अकराला एका कडेनं ऊन परत यायला लागलं. टाकीची सावली मात्र आता निमूटपणे वाळूच्या कडेला जाऊन बसली होती, मावशींच्या रेघेला लागून. तिनं अंतर मोजलं. वीतभराचाही फरक नव्हता. पाच-सहा आकडे भरून संगणकानं जे काढलं ते एका बाईनं खडूनं काढून ठेवलं होतं, आणि दोघांपैकी चूक एकट्या संगणकाची, म्हणजे खरं तर तिची होती.

आता सांगायचं कसं?

परवा बैठक. शंकासुरच चुकला म्हटल्यावर त्या नावातलं प्रेम राहील का? सहा महिन्यांपूर्वी ती परत आली तेव्हा सरांनी विचारलं होतं, "जमेल ना दोन्ही?" आणि तिनं छातीठोकपणे हो म्हटलं होतं. शिवाय ही दुरुस्ती घेऊन ती गेली तर कुणीही म्हणेल, हिची मुलगी तिथं आहे, हिला सावली दिसणारच. आणि गप्प बसली तर? इमारत उभी राहायला दोन वर्षं. दोन वर्षांनी चिमणी शाळेत असेल. चिमणीचं ऊन कुठंच जाणार नव्हतं. हा विचार मनात आला तसा तिनं तो झटकला, पण तो आला होता, हे तिला विसरता येईना.

मग तिला ती गादी आठवली, बाळासकट सरकवलेली. ती दोन्ही प्रिंट घेऊन उठली.

सरांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्यांना सांगावं लागलं नाही.

"उत्तर कुणी भरली होती?"

"मी. म्हणजे भरलीच नव्हती."

टेबलावरची पेन्सिल सरांनी एकदा इकडून तिकडे लोळवली.

"तुझी लेक तिथंच असते ना?"

"हो. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका सर. उद्या दहाच्या आत येऊन स्वतः बघा."

"ऑफिसच्या शंकासुरानंच मला शंका घ्यायला सांगावं, हे बरंय," सर म्हणाले. ते रागावले होते की नाही ते तिला कळलं नाही. त्या संध्याकाळी तिनं घराचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं.

शुक्रवारी पावणेदहाला सर आले, तेव्हा ती चिमणीला सोडून अंगणातच थांबली होती. मावशींनी त्यांना दारातच अडवलं.

"बूट बाहेर."

चाळीस इमारती उभ्या केलेला माणूस मोज्यांवर अंगणात आला. बसायला मोठ्या माणसाची खुर्ची नव्हतीच. एका मुलानं आपलं लाल स्टूल पुढं केलं, सर त्यावर बसले, आणि त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. चिमणी त्यांच्यासमोर उभी राहून त्यांना टक लावून पाहू लागली. सरांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते टाकीची सावली बघत होते.

सावली चालताना दिसत नाही. थोडा वेळ दुसरीकडे पाहून परत पाहिलं की ती पुढं गेलेली असते. दहाला पाच कमी असताना ती रेघेपासून चार बोटं होती. मग दोन. सरांनी मनगटावरचं घड्याळ उघडं केलं. मावशींनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. त्या वाकल्या आणि पहिली गादी उचलायला लागल्या, आणि त्याच वेळी सावलीची कड खडूत बुडाली.

"दहा," सर हळूच म्हणाले.

मग ते उठले, फरशीवर खाली बसले, आणि तिन्ही रेघांवरून बोट फिरवत गेले. मोठ्या हौसेनं, जशी जुन्या कारागिराची जोडणी तपासावी. "मावशी, नऊची रेघ वाकडी का?"

"तिथं फरशी खचलीय. सावली पण वाकते."

सर मान हलवत राहिले. "आम्ही फरशी सपाट धरली होती," ते तिच्याकडे बघून म्हणाले. सरांना इतकं खूश कधी बघितल्याचं तिला आठवेना.

"मावशी, खरं सांगतो. आम्ही ठरवलंय तशी इमारत झाली तर तुमचं अंगण अकरापर्यंत सावलीत जाईल."

मावशींच्या हातात गादी होती. ती त्यांनी खाली ठेवली, बाळाची टोपी सारखी केली, मगच बोलल्या. "मला वाटलंच होतं. एवढी उंच वस्तू, ऊन काय तिला वळसा घालून येणार?"

"कोणता वेळ तुम्हाला सोडून चालणारच नाही?"

"साडेनऊ ते साडेदहा. त्याच्या आधी दूध, त्याच्यानंतर झोप. तो एक तास माझ्या तान्ह्यांचा राहू द्या. बाकीचं ऊन तुमच्या दवाखान्यानं खुशाल घ्यावं."

सरांनी शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली आणि प्रिंट स्टुलावर ठेवली. इमारतीच्या चौकोनावर एक फुली मारली. मग तोच चौकोन पुढं, रस्त्याच्या बाजूला, गाड्यांच्या जागी काढला, आणि गाड्या मागं, अंगणाशेजारी. तिला क्षणात दिसलं. सावली तशीच डावीकडे जाईल, तेवढीच लांब जाईल. फक्त आता तिच्या वाटेत अंगणाऐवजी पाळणाघराचं छप्पर येईल. छपरावर कुणी गाद्या घालत नाही.

"लगेच घाल मॉडेलमध्ये," सर म्हणाले. "आणि उत्तर बघ."

"बघितली."

"परत बघ."

डॉक्टरांचा फोन सरांनी ऑफिसात सगळ्यांसमोर घेतला. पलीकडून पहिली दहा मिनिटं नुसती कुरकुर चालली होती. पुढची मोकळी जागा गेली, झाडं गेली, रस्त्यावरून इमारत छातीवर आल्यासारखी वाटेल. सर ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "डॉक्टर, तुमचा पाय मोडलेला पेशंट गाड्यांच्या तीन रांगा ओलांडून दारापर्यंत येणार होता. आता तो रिक्षातून उतरला की दारात. आणि पोरांना सकाळचं ऊन मिळू द्या, हे तुम्हीच एरवी आईबापांना सांगता." यावर डॉक्टर जे काही म्हणाले त्यावर सर पहिल्यांदा हसले. झाडं मागं नेण्याचं कबूल करून त्यांनी फोन ठेवला.

तिनं दुपारभर काम केलं. नवी सावली अगदी निर्दोष आली नाही. आठ वाजता तिचा एक पट्टा अंगणाच्या वरच्या कडेला येत होता, आणि तिला तो खुपत राहिला. पण साडेनऊ ते साडेदहा फरशी कोरी होती. तिनं दर दहा मिनिटांचं चित्र काढून पाहिलं. एकदा सरांसाठी, एकदा मावशींसाठी, आणि एकदा उगाचच.

शनिवारी बैठक पाळणाघरातच झाली. मोठी माणसं छोट्या खुर्च्यांवर अवघडून बसली होती. सरांनी भिंतीवर तीन कागद लावले, चुकीचाही लावला, आणि त्यावरच आधी बोट ठेवलं.

"हा पहिला कागद घेऊन आम्ही आज येणार होतो. आमची उत्तर चुकली होती. ती इथल्या फरशीवर सापडली."

'आमची' म्हणाले. ती मागच्या रांगेत होती. तिनं तो शब्द ऐकला आणि मांडीवरच्या चिमणीच्या केसांत तोंड खुपसलं. कुणीतरी विचारलं, फरशीवर म्हणजे? तर सरांनी सगळ्यांना उठवून अंगणात नेलं आणि रेघा दाखवल्या. लोक वाकून वाकून बघत होते. मावशी अवघडून एका बाजूला उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "अहो, पाय देऊ नका, पुसेल."

सगळे पांगल्यावर त्या तिच्याजवळ आल्या.

"तुमचा तो शेवटचा कागद मला द्या जरा. ती नवी इमारत आठ वाजता कुठपर्यंत येते म्हणालात?"

तिनं कागद धरला, अंतर वाचलं, भिंतीपासून पावलं मोजली. मावशींनी एप्रनच्या खिशातून खडू काढला आणि ती सांगेल तशी रेघ ओढत गेल्या, अजून पायाही न खणलेल्या इमारतीच्या सावलीची. दोन ठिकाणी त्या थांबल्या, फरशी कुठं खचलीय ते हातानं चाचपलं, आणि रेघ तेवढी वाकवली. तिनं पेन काढून आपल्या कागदावरही ती तशीच वाकवून घेतली.

चिमणी कुठूनशी पळत आली, नव्या रेघेपाशी थबकली आणि आईकडे पाहू लागली.

"ओलांड," मावशी म्हणाल्या. "अजून दोन वर्षं आहेत."